पेज एकदाच शिजते

संकेतस्थळ सावकाश उघडू लागले की आपण मोबाइलला, नाहीतर नेटवर्कला दोष देतो. माझ्या मते पुष्कळदा दोष पाठवणाराचा असतो. एकच पान हजार जणांनी मागितले, तर तेथला संगणक साठ्यातून मजकूर काढून तेच पान हजार वेळा नव्याने रचीत बसतो. आम्हां कोकणी माणसांच्या घरी पेजेचे भांडे सकाळी एकदाच चुलीवर चढते. येईल त्याला त्यातूनच वाढतात. रचलेले पान असे तयार ठेवण्यालाच 'कॅशिंग' म्हणतात.

मराठी विकिपीडियाचेच पाहा. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाचे मुख्य संगणक अमेरिकेत आहेत. तरी येथे ग्वाल्हेरात कोणी 'ग्वाल्हेर' हा लेख उघडला, तर त्याची तयार प्रत बहुधा सिंगापूरहून येते. तेथील केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले. लेखात कोणी दुरुस्ती केली की जुनी प्रत बाद होते. ही बाद करण्याची शिस्त मला वेगाहूनही मोलाची वाटते. परीक्षेचे वेळापत्रक बदलले आणि पानावर कालचेच राहिले, तर ते झटकन उघडून विद्यार्थ्याला काय उपयोग? शिवाय एकाचे साठवलेले गुणपत्रक दुसऱ्याच्या हाती पडता कामा नये. तेथे ज्याची त्याची चूल निराळीच हवी.

शाळांच्या सूचना, सुट्ट्यांच्या याद्या, प्रवेशाची माहिती मात्र तयारच ठेवावी. ज्या घरी सर्वांत मिळून एकच मोबाइल असतो, तेथे तो मुलाच्या हाती दहा मिनिटेच येतो.