पुनर्विकासात रहिवाशांच्या मताचे मोल

राजधानीत गेल्या पन्नास वर्षांत वस्त्या हलवण्याची भाषा अनेकदा बदलली. आणीबाणीत तिला 'सफाई' म्हणत, नंतर 'पुनर्वसन' म्हणू लागले, आता 'पुनर्विकास' म्हणतात. शब्द सौम्य होत गेले, योजनांची चित्रे रंगीत झाली, सरकारी बुलडोझरच्या जोडीला खाजगी बांधकाम कंपनीची निविदा आली. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली. ज्याचे घर हलवायचे त्या माणसाचे मत निर्णय होऊन गेल्यावर विचारले जाते, आणि त्या मताचे वजन त्याच्या हातातील मालकीहक्काच्या कागदावरून ठरते.

हा आरोप नव्हे, अनुभव आहे. तो नीट तपासून घेणे वस्त्यांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला आवश्यक आहे. कारण आज मुंबईत, पुण्यात, नागपुरात जे घडू घातले आहे त्याची तालीम दिल्लीत होऊन गेली आहे.

जमीन कोणाच्या हाती?

दिल्लीची जमीन हा देशातील एक अपवादात्मक प्रकार आहे. १९५७ साली संसदेच्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९६२ साली पहिली महायोजना लागू झाली आणि शहराभोवतालची हजारो एकर शेतजमीन सार्वजनिक कामासाठी म्हणून संपादित करण्यात आली. हे प्राधिकरण केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते आणि नायब राज्यपाल त्याचे अध्यक्ष असतात. १९९३ साली दिल्लीला विधानसभा मिळाली; पण जमीन, पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे तीन विषय तिच्या अधिकाराबाहेरच ठेवण्यात आले. म्हणजे मतदार ज्या आमदाराला निवडून देतो, त्याला त्या मतदाराच्या घराखालच्या जमिनीविषयी निर्णय घेता येत नाही. लोकशाहीचा दरवाजा घराच्या उंबरठ्याशीच बंद होतो.

अशा व्यवस्थेत काय घडू शकते ते १९७५ ते १९७७ या काळाने दाखवून दिले. त्या काळात दिल्लीत दीड लाखांहून अधिक बांधकामे पाडण्यात आल्याची नोंद शहा आयोगाने केली आहे. सुमारे सात लाख माणसे शहराच्या कडेला फेकली गेली. एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेटच्या रहिवाशांनी आपले मत रस्त्यावर उतरून सांगितले, तेव्हा उत्तर गोळीबाराने मिळाले. आणीबाणी गेली, निवडणुका झाल्या, सरकारे बदलली. तरी २००४ साली यमुना पुश्त्यावरील वस्ती उठवण्यात आली आणि तेथील अनेक कुटुंबे बवानासारख्या दूरच्या ठिकाणी नेली गेली. कामधंदा मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही.

कठपुतली कॉलनीचा धडा

पश्चिम दिल्लीत शादीपूर आगाराजवळची कठपुतली कॉलनी ही बाहुल्या नाचवणारे, जादूगार, डोंबारी आणि ढोलवाले यांची वस्ती होती. 'जेथे झोपडी तेथेच घर' या तत्त्वावर दिल्ली विकास प्राधिकरणाने हाती घेतलेला पहिला प्रकल्प येथला. २००९ साली रहेजा डेव्हलपर्स या कंपनीला काम देण्यात आले. सुमारे पाच हेक्टर जमिनीच्या एका भागावर झोपडीवासीयांसाठी २,८०० लहान सदनिका, उरलेल्या भागावर कंपनीने विकावयाची घरे आणि दुकाने, असा हा सौदा होता. झोपडीवाल्याच्या वाट्याला सुमारे तीस चौरस मीटरची सदनिका; शेजारी ५४ मजल्यांच्या आलिशान मनोऱ्याची जाहिरात.

हे सारे कागदावर ठरले तेव्हा वस्तीला विचारले होते काय? रहिवाशांपुढे प्रश्न आला तो निविदा मंजूर झाल्यानंतर, आणि तोही एवढाच: संक्रमण शिबिरात जाण्यास तयार आहात की नाही?

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. वस्तीचे मत एकमुखी नव्हते. पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या पाण्याला आणि सार्वजनिक शौचालयापुढच्या रांगेला कंटाळलेल्या माणसाला पक्के घर नको असते, असे मानणे हा त्याचा अपमान आहे. काही कुटुंबे २०१४ नंतर आनंद पर्वत येथील शिबिरात स्वतःहून गेली. इतरांनी नकार दिला, कारण त्यांचे प्रश्न वेगळे होते. पुरुषभर उंचीच्या बाहुल्या, ढोल आणि बांबू चौदा-पंधरा मजली इमारतीतील एका खोलीत ठेवायचे कोठे? सराव करायचा कोठे? उद्वाहन बंद पडले तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? सर्वेक्षणात ज्यांची नावेच आली नाहीत त्यांचे काय? शिबिरात किती वर्षे काढावी लागतील, आणि ती मुदत उलटली तर जबाबदारी कोणाची?

हे विकासविरोधी माणसांचे प्रश्न नव्हेत. कोणताही शहाणा घरमालक करारावर सही करण्यापूर्वी हेच प्रश्न विचारतो. फरक इतकाच की घरमालकाने विचारले तर तो सावध ठरतो, झोपडीवाल्याने विचारले तर तो अडथळा ठरतो.

अखेर ३० ऑक्टोबर २०१७ रोजी पोलीस बंदोबस्तात वस्ती पाडण्यास सुरुवात झाली. रहिवाशांच्या बाजूने तेथे गेलेल्या भारतीय महिला फेडरेशनच्या नेत्या ॲनी राजा त्या दिवशी जखमी झाल्या. त्यानंतर पाच वर्षे लोटली तरी कुटुंबांना घरांच्या किल्ल्या मिळालेल्या नव्हत्या. ज्या प्रश्नांना 'अडथळा' म्हटले गेले, त्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, शिबिरात किती वर्षे, हा कालांतराने अक्षरशः खरा ठरला.

एकाच राज्यातील दोन मते

मताचे वजन कशावरून ठरते ते पाहायचे असेल तर दिल्लीची सीमा ओलांडून हरियाणात जावे. फरीदाबादजवळच्या खोरी गावात खाणकामगार, घरकामगार आणि रोजंदारीवरचे मजूर यांनी वर्षानुवर्षे पै पै साठवून, अनेकदा जमिनीच्या दलालांना पैसे मोजून, घरे बांधली होती. जमीन अरवलीच्या वनक्षेत्रातील असल्याने ती सहा आठवड्यांत मोकळी करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी दिला. महासाथीचे ते दिवस, भर पावसाळा, आणि सुमारे दहा हजार घरांचा प्रश्न. घरे पडू लागली. कोणाचे पुनर्वसन करायचे त्याचे निकष मागाहून ठरत राहिले. ज्या दलालांनी ती जमीन विकली त्यांची घरे मात्र कोणी मोजली नाहीत.

त्याच हरियाणात, त्याच राजधानी परिसरात, गुरुग्राममधील भूखंडधारकांची तक्रार होती की शेजारच्या भूखंडांवर वाहनतळ आणि वर चार मजले अशी बांधकामे होत असल्याने पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांवर ताण येतो, भिंतींना तडे जातात. तक्रार रास्त होती. सरकारने २०२३ साली अशा परवानग्या थांबवल्या आणि तज्ज्ञ समिती नेमली. एका बाजूस समिती, दुसऱ्या बाजूस बुलडोझर! पण गोष्ट येथे संपत नाही. २०२४ साली काही अटी घालून त्याच परवानग्या पुन्हा सुरू करण्यात आल्या. जमिनीच्या सट्ट्याची ताकद पुरेशी वाढली की मध्यमवर्गीय मालकाचे मतही फार काळ टिकत नाही, हे त्या वर्गाने ध्यानात ठेवावे. आज झोपडी उठवली म्हणून समाधान मानणाऱ्या गृहसंस्थेच्या दारात उद्या तोच हिशोब येतो.

दिल्लीतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतींचेही हेच झाले. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांसह सात वसाहतींचा पुनर्विकास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली मंजूर केला. खर्च सरकारी तिजोरीतून न करता त्याच जमिनीवर व्यापारी गाळे बांधून ते विकून काढायचा, हे त्यातील सूत्र. १६,००० हून अधिक झाडे तोडली जाणार हे लोकांना २०१८ साली कळले, तेव्हा रहिवासी व तरुण रस्त्यावर आले. त्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने वृक्षतोड रोखली आणि आराखडे पुन्हा तपासावे लागले. हा विजय मोलाचा आहे. परंतु झाडांविषयीचे मत ऐकले गेले. सार्वजनिक जमीन विकून सार्वजनिक घरे बांधावीत काय, हा मूळ प्रश्न कोणीही कोणाला विचारला नाही.

पात्रतेची चाळणी

'घर देतो' या घोषणेच्या आत एक चाळणी दडलेली असते. दिल्लीच्या २०१५ च्या धोरणानुसार वस्ती १ जानेवारी २००६ पूर्वीची आणि झोपडी १ जानेवारी २०१५ पूर्वीची असली पाहिजे. शिवाय ते सिद्ध करणारे कागद पाहिजेत. जंगपुऱ्यातील मद्रासी कॅम्प १ जून २०२५ रोजी पाडण्यात आला. नाल्याचे पात्र मोकळे करण्यासाठी ही कारवाई होती. तेथील ३७० झोपड्यांपैकी पात्रतेच्या यादीत प्रथम १८९ च आल्या, आणि ज्यांना घर मिळाले त्यांनाही शहराच्या उत्तर टोकाला नरेल्यात. त्याच महिन्यात कालकाजीचा भूमिहीन कॅम्प पाडला गेला. येथे २०२२ साली ३,०२४ सदनिकांचे उद्घाटन समारंभपूर्वक झाले होते आणि बऱ्याच कुटुंबांना जवळच घर मिळाले, हे खरे. पण अपात्र ठरलेल्यांना छायाचित्रात जागा नव्हती.

चाळणीतून सर्वांत आधी गळतो तो भाडेकरू. झोपडीत भाड्याने राहणारा बांधकाम मजूर, कपडा कारखान्यातील कामगार, घरकाम करणारी स्त्री यांच्या नावावर ना वीजबिल ना शिधापत्रिका. शहर ज्यांच्या श्रमावर चालते, त्यांचे मत घेण्याची पद्धतच अस्तित्वात नाही.

मुंबई वेगळी नाही

महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र परिचित वाटेल. सहकारी गृहसंस्थेच्या पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशानुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते. धारावीच्या प्रकल्पात मात्र, तो सरकारी प्रकल्प असल्याने, रहिवाशांच्या बहुमताच्या संमतीची अट नाही. आणि त्याची निविदा २०२२ साली अदानी समूहाला मिळाली. कागद असलेल्याची सही हवी, कागद नसलेल्याची केवळ मोजणी हवी.

न्यायालयांनी काही आधार दिला आहे. १९८१ सालच्या मुंबईतील पाडकामांतून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पदपथावरून हटवण्यास मात्र मुभा दिली. सुदामा सिंग खटल्यात २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने रहिवाशांशी अर्थपूर्ण सल्लामसलत करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. शकूर बस्तीच्या प्रकरणातून आलेल्या २०१९ च्या निकालात तर शहरावरील हक्काची भाषा आली. हे निकाल हाती असूनही बुलडोझर थांबलेला नाही. कारण निकालाची अंमलबजावणी करून घेणारी संघटना वस्तीत नसेल, तर निकाल वकिलाच्या कपाटात राहतो.

प्रत्येकाचे मत घेत बसलो तर शहर उभे राहणारच नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो करणाऱ्यांनी कठपुतली कॉलनीची वर्षे मोजावीत. २००९ साली कंत्राट, २०१७ साली पाडकाम, त्यानंतरही वर्षानुवर्षे शिबिर. मत न घेतल्याने वेळ वाचला काय? आरंभीचे सहा महिने वस्तीत बसून आराखडा ठरवला असता, तर वाया गेलेल्या वर्षांतील मोठा भाग वाचला असता.

लढा केव्हा सुरू करावा?

यातून कार्यपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. पाडकामाची नोटीस लागल्यावर केलेला प्रतिकार आवश्यकच आहे, पण तो उशिराचा असतो. खरा निर्णय सर्वेक्षणाच्या तक्त्यात आणि निविदेच्या अटींत होऊन गेलेला असतो. म्हणून वस्तीची सभा सर्वेक्षण सुरू होण्यापूर्वी भरली पाहिजे. यादी तयार झाली की ती लोकांच्या भाषेत, सर्वांसमक्ष वाचून दाखवली पाहिजे आणि तीत भाडेकरूंची व घरात चालणाऱ्या उद्योगांची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे. निविदा काढण्यापूर्वी आराखडा आणि कराराचा मसुदा जाहीर झाला पाहिजे. संक्रमण शिबिराची मुदत करारात लिहिली गेली पाहिजे आणि ती ओलांडल्यास दंड कंपनीने व प्राधिकरणाने भरला पाहिजे. पाणी, शौचालय, मुलांची शाळा आणि कामाचे अंतर यांचा हिशोब घरातील स्त्रीच ठेवते. म्हणून स्त्रियांचे मत कुटुंबप्रमुखाच्या सहीत बुडवू नये, वेगळे घेतले जावे.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. कायद्याच्या चौकटीत बसणाऱ्याच या गोष्टी आहेत. तरी त्या मान्य करून घेणे सोपे नाही, कारण त्या एका मूलभूत प्रश्नाला हात घालतात: शहराच्या जमिनीवर बोलण्याचा अधिकार मालकीतून येतो की वास्तव्य आणि श्रमातून? आज तो अधिकार कागदाला आहे, माणसाला नाही. तो माणसाकडे आणायचा असेल तर पुढच्या वस्तीत सर्वेक्षक पोहोचण्यापूर्वी आपण पोहोचले पाहिजे.