‘नको’ म्हणता येईल असा टॅब

बोलता न येणाऱ्या मुलाच्या हाती संवादासाठी, चित्राला बोट लावलं की शब्द बोलणारा टॅब द्यावा का, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘यंत्र बोलायला लागलं की पोर तोंड उघडायचं नाही.’ उत्साही देणगीदार आणि निधी खर्ची घालायची घाई झालेले पदाधिकारी म्हणतात, ‘एकदा टॅब दिला की झालं.’ माझ्या मते दोघंही मुलाकडे न बघता वस्तूकडे बघतात. रजनी लिमये यांनी १९७७ साली नाशिकला प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा मतिमंद म्हटलेलं मूल शिकू शकतं हेच लोकांना पटवावं लागत होतं. ते आता बहुतेकांना पटलंय. त्या मुलाला सांगायचंही खूप असतं, हे मात्र अजून पुरतं पटलेलं दिसत नाही. तसं नसतं तर टॅबची निवड कंपनी आणि किंमत पाहून झाली नसती.

पहिली भीती मायेपोटीची आहे, म्हणून तिचं उत्तर पुराव्यानिशी द्यायला हवं. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या काटेकोर अभ्यासांमध्ये २७ जण होते. चित्रं, खुणा किंवा यंत्र वापरायला लागल्यावर त्यांच्यापैकी ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं थोडंफार वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं आणि कमी कुणाचंच झालं नाही. २७ हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण २०१४ साली कॅसारी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५ ते ८ वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांवर केलेला प्रयोगही त्याच दिशेला बोट दाखवतो. ज्यांना सुरुवातीपासून बोलणारं यंत्र मिळालं, ती मुलं आपणहून जास्त बोलती झाली. ‘आधी बोलतंय का ते दोन वर्षं बघू’ हा सल्ला म्हणूनच घातक वाटतो. त्या दोन वर्षांत मूल मुकाट बसत नाही. ते ओरडतं, चावतं, डोकं आपटतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

दुसऱ्या मताचं खंडन अधिक कडक करायला हवं, कारण तिथे पैसा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. टॅब मोजता येतात, वाटता येतात, फोटोत छान दिसतात. पण मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचा हात थरथरतो, त्याचं बोट ‘पाणी’वर जाताना शेजारच्या ‘शाळा’वर पडतं. त्याला पडद्यावर बसवायची भोकांची प्लास्टिक जाळी लागते. बोट किती वेळ टेकलं म्हणजे बटण दाबलं असं धरायचं, हेही ठरवून द्यावं लागतं. व्हीलचेअरला टॅब पक्का धरणारा दांडा नसेल तर महागातला टॅबही मांडीवरून घसरतो. शिवाय त्यावर यूट्यूब उघडं राहिलं, तर मूल बोलण्याऐवजी गाणीच बघणार. संवादाचा टॅब वेगळा ठेवून एकाच ॲपवर कुलूपबंद करता येतो. एवढ्यावरून टॅबलाच खेळणं ठरवणं बरोबर नाही.

सगळ्यात मोठी कसोटी भाषेची आहे. प्रोलोक्वोटूगो हे जगभर नावाजलेलं ॲप मराठी बोलत नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीतही चालतं. तरी निवडताना बघायचं ते हे: मुलीला ‘मी जाते’ म्हणता येतं, की यंत्र तिला ‘मी जातो’ म्हणायला लावतं? थालीपीठ, भगर, आत्या, काका ही चित्रं घालता येतात का? ‘नको’ पहिल्या पानावर आहे का? हा शब्द मी सर्वांत वर ठेवीन. एका शब्दात संपूर्ण नकार देणारी अशी सोय आपल्या भाषेत आहे आणि जे मूल भरवणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या हातांवर दिवसभर अवलंबून असतं, त्याला तीच आधी हवी. सुरगाणा-पेठकडच्या घरात कोकणा बोलली जात असेल, तर प्रमाण मराठी आवाजाऐवजी ताईचा किंवा भावाचा आवाज ध्वनिमुद्रित करून घालायला हवा.

यावर कुणी म्हणेल, मग छापील चित्रांचा फलकच काय वाईट? वाईट मुळीच नाही. पावसात, वीज गेल्यावर तोच कामी येतो आणि टॅब असलेल्या प्रत्येक घरात तो हवाच. पण फलक वाचायला समोरचा माणूस बघत असावा लागतो. आई स्वयंपाकघरात पाठमोरी असताना फलक तिला हाक मारू शकत नाही. टॅब मारतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती आल्या आहेत, त्यामुळे ही कृपा नव्हे, देणं आहे. वाचाउपचाराची पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच, म्हसरूळला आहे. तेव्हा खरेदीआधी वाचातज्ज्ञाने मुलाचा हात, नजर आणि समज तपासावी, आईबरोबर बसून घरातल्या शब्दांची यादी करावी. निवडलेलं ॲप आठवडाभर मुलाला वापरायला देऊन बघावं, तीन महिन्यांनी परत तपासायला यावं. या फेऱ्यांचं मानधन टॅबच्याच अंदाजपत्रकात धरावं आणि त्यासाठी दहा टॅबऐवजी सहाच घ्यावे लागले, तर सहाच घ्यावेत.