तलाव बुजले, धोका बुजला नाही

बंगळूरचा विस्तार तलाव बुजवून झाला. धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक आले, संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा क्रीडांगण. परंतु भराव टाकल्याने भूजल नाहीसे होत नाही. पाण्याने भिजलेल्या भुसभुशीत वाळूस भूकंपाचा हादरा बसताच कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, त्यांची परस्परांवरील पकड सुटते आणि जमीन द्रवासारखी वागू लागते. १९६४ साली जपानमधील निइगाता येथे अशाच जमिनीवरील सदनिकांच्या इमारती न मोडता कलंडल्या.

बंगळूरला भूकंपाचा धोका कमी, हे खरे. चिकणमातीचे असे द्रवीकरण सहसा होत नाही, हेही खरे. म्हणूनच पायाखाली नेमके काय आहे, हे अंदाजाने नव्हे, तपासणीनेच ठरले पाहिजे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून नळी ३० सेंटिमीटर उतरण्यास किती ठोके लागतात ते मोजणे, भूजलपातळी व मातीची घडण पाहणे, एवढेच प्रारंभी आवश्यक असते.

हा खर्च वाचल्यास नफा भूखंडमालकाचा. धोका मात्र तेथे राबणाऱ्या मजुराचा आणि राहणाऱ्या भाडेकरूचा. तलावाच्या जागेवर बांधकामास परवाना देण्यापूर्वी ही तपासणी सक्तीने झाली पाहिजे व तिचा अहवाल जनतेसमोर आला पाहिजे. कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरावी.