बाबांचा मिस्ड कॉल

तुमच्या मोबाइलमध्ये असा एखादा नंबर आहे का, जो सेव्ह नाही, पण पाठ आहे? माझ्या एका मित्राकडे आहे. त्याच्या बाबांचा. तो नववीत असताना ते घर सोडून गेले. आता साठी उलटल्यावर दर रविवारी मिस्ड कॉल देतात. ‘अरे, बाप आहे, माफ कर,’ असं सगळे त्यालाच सांगतात. मला नाही पटत, बॉस!

हरिलाल गांधींना बॅरिस्टर व्हायचं होतं. इंग्लंडला शिकायची संधी आली, ती गांधीजींनी दुसऱ्याला दिली. १९११ मध्ये मुलगा दुरावला. पुढे गांधीजींनी मायेने पत्रं लिहिली, फटकारलंही. पण मुलाची ती सल तशीच राहिली. ३० जानेवारी १९४८ ला वडील गेले, १८ जूनला मुंबईत मुलगा. विषय संपला? छे, राहूनच गेला.

म्हणून परतणाऱ्या बाबांनो, आधी कारणं नकोत. फी कोणी भरली, आईने कसं निभावलं, ते गुपचूप ऐका. आणि दोस्ता, फोन उचलणं म्हणजे माफी नव्हे. कॅफेत अर्धा तास, बिल ज्याचं त्याने. जमलं तर पुढचा रविवार, नाहीतर नाही. निर्णय मात्र तुझा, नातेवाइकांचा नव्हे.