जहाजांचें इंधन आणि राज्याचा कर

बंदरांत उभ्या असलेल्या परदेशगामी जहाजास विकलेल्या इंधनावर राज्यसरकारनें कर किती घ्यावा, हा प्रश्न वरकरणी केवळ हिशेबनिसांचा दिसतो. परंतु बंदरावर राबणाऱ्या कित्येकांची भाकरी त्यावर अवलंबून आहे, आणि तिजोरीचें खरें हित कशांत आहे हेंहि त्यावरूनच ठरावयाचें आहे. म्हणून आमच्या वाचकांनीं, विशेषतः व्यापारी मंडळींनीं, त्याचा शांतपणें विचार करावा अशी आमची विनंति आहे.

आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. परदेशगामी जहाजांच्या डिझेलवर जेथें जेथें राज्याचा कर पडतो, तेथें तेथें किनाऱ्यावरील राज्यांनीं तो शेंकडा पांचापर्यंत खालीं आणावा.

कारण उघड आहे. गांवांतील मोटारवाल्यास तेल भरण्यासाठीं दूरदेशीं जातां येत नाहीं; सरकार मागेल तो कर तो मुकाट्यानें देतो. जहाजाची गोष्ट निराळी. त्याच्या टाक्यांत कित्येक दिवसांचें इंधन मावतें, आणि मालक प्रत्येक बंदराचा भाव ताडून पाहून मगच मागणी नोंदवितो. मुंबईचा भाव चढा दिसला तर तो फुजैरा किंवा सिंगापूर येथें टाक्या भरतो, आणि येथें माल उतरवून चालता होतो. सिंगापुरांत २०२४ सालीं जहाजांना सुमारें साडेपांच कोटी टन इंधन विकलें गेलें. त्या बेटावर तेलाची एकहि विहीर नाहीं!

कोणी विचारील कीं, परदेशीं जाणाऱ्या जहाजास विकलेला माल ही निर्यातच नव्हे काय? राज्यघटनेच्या २८६ व्या कलमान्वयें निर्यातीच्या विक्रीवर राज्यास कर बसवितां येत नाहीं, हें खरें. परंतु १९६० सालीं विमानाच्या इंधनाच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, जें इंधन वाटेंतच जळावयाचें, त्यास परदेशांत उतरण्याचें ठिकाणच नाहीं. सबब ती निर्यात नव्हे. तेव्हां ही सवलत न्यायालयांतून मिळावयाची नाहीं. ती सरकारनेंच दिली पाहिजे. वस्तु व सेवा कराच्या परिषदेनें आपल्या हातचें काम केलें आहे. २०१७ च्या ऑक्टोबरांत जहाजांच्या जड तेलावरील १८ टक्क्यांचा दर ५ टक्क्यांवर आला, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत गोव्याच्या बैठकींत कमी गंधकाच्या नव्या तेलासहि तोच दर देण्याचें ठरलें. डिझेल मात्र त्या करपद्धतीच्या बाहेर राहिलें असून त्याची किल्ली राज्यांच्या हातीं आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव या बाबतींत ध्यानांत घेण्यासारखा आहे. १९९१ सालीं तिजोरींतील तूट भरून काढण्यासाठीं त्या राज्यानें जहाजांच्या इंधनावरील विक्रीकराची माफी काढून घेतली. लॉस एंजेलिस व लाँग बीच येथील विक्री झपाट्यानें ओसरली, आणि १९९३ च्या आरंभापासून माफी परत आणावी लागली. मात्र ती सरसकट नव्हती. राज्याबाहेरील पहिल्या मुक्कामापर्यंत जळणाऱ्या इंधनावर कर, व पुढील इंधनास माफी, अशी व्यवस्था झाली.

आतां आक्षेपांकडे वळूं. शाळा व दवाखाने ज्या करावर चालतात तो कां सोडावा, असें विचारणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. पण जें तेल विकलेंच जात नाहीं, त्यावरील वीस टक्केहि शून्य आणि पांच टक्केहि शून्यच. उलट विक्री वाढली म्हणजे बार्जवरील खलाशी, तेलाची तपासणी करणारे, जहाजांना शिधासामग्री पुरविणारे व्यापारी, अशा सर्वांस काम मिळतें. महाराष्ट्रानें २०२३ च्या अर्थसंकल्पांत मुंबई, पुणे व रायगड येथील विमानाच्या इंधनावरील कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणिला. विमानास जो न्याय, तो जहाजास कां नसावा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वस्त डिझेल जहाजाच्या नांवानें निघून रस्त्यावरील पंपावर पोंचेल, अशी भीति सुज्ञ लोक बोलून दाखवितात. तिला उत्तर कडक मोजणी हें आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें प्रत्येक जहाजास इंधनाची पावती तीन वर्षें जपावी लागते. तिचा मेळ जकात खात्याच्या नोंदींशीं घालावा. सिंगापुरानें २०१७ पासून जहाजांच्या तेलासाठीं वजन मोजणारीं यंत्रें सक्तीचीं केलीं, तशीं येथेंहि करावीं. आणि २०१० च्या ऑगस्टांत मुंबईच्या समुद्रांत दोन जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यास लागलें, त्याची आठवण ठेवून, तेल सांडणाऱ्यास जबर दंडाची तजवीज सवलतीबरोबरच व्हावी.

सवलत कशी द्यावी हेंहि महत्त्वाचें आहे. मच्छीमार संस्थांच्या नौकांस डिझेलवरील कराचा परतावा देण्याची पद्धत महाराष्ट्रांत आहे. पण तो परतावा रेंगाळतो, ही कोळी बांधवांची जुनी तक्रार आहे. परदेशी जहाज परताव्याची वाट पाहत बसणार नाहीं. म्हणून दर विक्रीच्या वेळींच कमी लागला पाहिजे. आणि कोळी बांधवांचें गाऱ्हाणेंहि त्याच वेळीं दूर करावें, नाहीं तर घरचा उपाशी आणि पाहुण्यास पंचपक्वान्न, असा प्रकार होईल.

केवळ कर उतरल्यानें मुंबईचें सिंगापूर होईल, असें आम्ही म्हणत नाहीं. टाक्या, बार्जा व चोख माप हींहि हवींत. पण वाढवण बंदराच्या सुमारें ७६,२०० कोटींच्या योजनेस केंद्रानें २०२४ सालीं संमति दिली; एवढा खर्च करून आलेलीं जहाजें इंधनासाठीं परक्या बंदराकडे पाहत राहिलीं, तर तो दोष समुद्राचा खास नव्हे. तीन वर्षांच्या मुदतीनें दर उतरवावा, दर वर्षीं विक्रीचे व वसुलाचे आंकडे प्रसिद्ध करावेत, आणि अनुभव प्रतिकूल आला तर सवलत खुशाल मागें घ्यावी. सचोटीचा व्यापारी नवा माल याच रीतीनें अजमावून पाहतो. सरकारनेंहि तसें करण्यास हरकत नसावी.