सुरीचा गौरव, सूक्ष्मदर्शकाची उपेक्षा

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेने मोठी मजल मारली आहे, याविषयी वाद नाही. १९३५ मध्ये ॲलन व्हिपल यांनी मांडलेल्या या शस्त्रक्रियेत १९७० च्या सुमारासही चार-पाचांपैकी एक रुग्ण दगावे. आज मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या अनुभवी केंद्रांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले आहे. परंतु सारे श्रेय सुरीला देऊन मोकळी होणारी आरोग्यव्यवस्था एक प्रश्न सोयीस्करपणे टाळते : गाठ खरोखरच पूर्ण निघाली काय?

याचे उत्तर विकृतिशास्त्रज्ञाच्या मेजावर मिळते. २००८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे काढलेल्या अवयवाच्या कडांना निरनिराळ्या रंगांची शाई लावून, पातळ काप घेऊन, शिस्तीने तपासणी झाली. कापलेल्या कडेशी कर्कपेशी आढळण्याचे जे प्रमाण पूर्वी १४ टक्के नोंदले जाई, ते ७६ टक्क्यांवर गेले. शल्यविशारदांचे हात एकाएकी बिघडले नव्हते. आधीची पाहणीच उथळ होती! आता तर शस्त्रक्रियेपूर्वी औषधे देण्याची पद्धत रूढ होत आहे. त्यांमुळे गाठीचे व्रणात रूपांतर होते आणि उरलेल्या पेशी हुडकणे अधिकच अवघड बनते.

मुरगूडच्या शेतमजुराला कावीळ होते, झाडपाल्यात महिना जातो, मग कोल्हापूर गाठले जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होऊ शकते, हे निःसंशय स्वागतार्ह. पण योजनेची रक्कम ठोक, तपासणीही तिच्यातच. म्हणजे प्रयोगशाळेवर खर्चिलेला प्रत्येक रुपया खाजगी रुग्णालयाच्या नफ्यातून वजा. काटकसर कोठे होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. धनिक आपली काचपट्टी मुंबईला धाडून दुसरे मत घेतो. मजुराच्या हाती दोन ओळींचा अहवाल पडला, तर रोग परतण्याचा संभव किती, हे त्याला कोण सांगणार?

विकृतिशास्त्र ही काही श्रीमंती चैन नव्हे. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये उभे राहिले तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञाकडे होती. शाई, काप आणि प्रशिक्षित माणसाचे काही तास, एवढीच सामग्री लागते.

या तपासणीसाठी योजनेत स्वतंत्र रक्कम हवी. कडेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये आणि तपासलेल्या लसिकाग्रंथींची संख्या (किमान १२ अपेक्षित) अहवालात नसेल, तर रुग्णालयाचे देयक अडवले पाहिजे. योजनेचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी यापुढे रुग्णाच्या नातेवाइकांकडून तो अहवालही मागून घ्यावा आणि हे दोन आकडे प्रथम पाहावेत.