क्षेपणास्त्राचा ‘अंतर्कर्ण’

चार गिरक्या घेऊन डोळे मिटून थांबलात, तरी फिरतोच आहोत असे वाटते. अंतर्कर्णातील नलिकांमधला द्रव लगेच थांबत नाही. डोळे उघडून भिंतीकडे पाहिले की तोल सावरतो.

पाणबुडीतून सुटणारे क्षेपणास्त्रही जायरोस्कोप आणि प्रवेगमापकाच्या आधारे आपली जागा स्वतःच मोजते. सुरुवातीची बारीक चूक हजारो किलोमीटरवर मोठी होते. म्हणून अमेरिकेचे ‘ट्रायडेंट-२’ वाटेत ताऱ्याचा वेध घेऊन दिशा सुधारते. हे क्षेपणास्त्र १९९० मध्ये नौदलात दाखल झाले. त्याची मार्गदर्शन यंत्रणा ड्रेपर प्रयोगशाळेने आता नव्या इलेक्ट्रॉनिक्ससह घडवली आहे. त्यामुळे ते २०४० च्या दशकापर्यंत सेवेत राहू शकेल.

म्हणजे अण्वस्त्राला आणखी एका पिढीचे आयुष्य मिळाले. अमेरिका-रशियातील ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत मात्र फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. अणुयुद्धानंतर वैद्यकीय मदत पुरी पडणार नाही, हे सांगणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. तो इशारा आजही लागू आहे.

तारा क्षेपणास्त्राची दिशा सुधारेल. ते सोडणाऱ्याचा निर्णय चुकला, तर ते परत बोलावता येणार नाही. यंत्रणेइतकीच मेहनत शस्त्रकपातीच्या वाटाघाटींवरही व्हायला हवी.